दरीकाठची जाळी

खोपटला एसटी डेपोसमोरच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, परीक्षेचे फॉर्म, जे येईल ते मी भरून देते. मालूमावशी पहिल्यांदा आली ती बचत गटाच्या कर्जाचा फॉर्म घेऊन. बाळकुमच्या कोळीवाड्यातली, पन्नाशी ओलांडलेली, अंगाने सडपातळ आणि आवाजाने खणखणीत.

त्या दिवशी बँकेचा सर्व्हर बंद होता. मी म्हटलं, "मावशी, तासभर तरी लागेल. उद्या येता का?"

"उद्या कशाला? बसतंव हितंच," ती म्हणाली. पिशवीतून एक फाटकं जाळं, लाकडी सुई आणि दोऱ्याचं गुंडाळं काढलं आणि माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसून जाळं सांधायला लागली. बाकीचे लोक मोबाइलमधून मान वर करून बघायला लागले. तिची बोटं एवढी भरभर चालत होती की गाठ कधी पडली ते कळायचंच नाही. मी एक गाठ नखाने सोडवून बघितली. हललीसुद्धा नाही.

तेव्हा मला एक बिड आठवलं, म्हणजे सरकारी खरेदीची ऑनलाइन निविदा. त्याच आठवड्यात एका खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानदारासाठी मी सरकारच्या जेम पोर्टलवर मागण्या शोधत होते. केंद्र सरकारच्या ऑफिसांना खुर्ची हवी असो की खडू, आता या पोर्टलवरच मागणी टाकावी लागते, आणि देशातला कुणीही विकणारा आपल्या जागेवरून दर भरू शकतो. हिमाचलात कुठेतरी डोंगरावर सरकारी निवासी शाळा होती. तिच्या मैदानाच्या एका बाजूला दरी. मुलांचे फुटबॉल सारखे खाली नदीत जातात म्हणून त्या बाजूला लावायला बारा मोठी जाळी हवी होती. अट अशी की गाठी हाताने मारलेल्या पाहिजेत, दुहेरी. मशीनची जाळी तिथल्या वाऱ्यात दोनदा फाटली होती. माझा दुकानदार हसला होता. "हाताने कोण विणत बसणार? सोड."

मी मालूमावशीला विचारलं, "असं जाळं तुम्ही नवीन पण करता?"

"मंग काय बाजारातून आनतंव?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने सुई थांबवली आणि माझ्याकडे बघत राहिली. "सरकार माझ्याकडून जालं घेल? का, सरकार मासे धराला निंगालंय?"

दुकान हसलं. पण निघताना ती दारात थांबली. "बाय, त्या शालेचा कागद ठेव हां. घरी विचारून येतंव."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला, चंदूकाकांना, घेऊनच आली. काका कमी बोलायचे. खाडीत आता पहिल्यासारखं मासळीचं राहिलं नव्हतं, चार दिवसांतून दोन दिवस होडी रिकामी यायची. विणायला मात्र वाड्यात पाच-सहा बायका होत्या, सगळ्या तयारीच्या. काकांनी एकच विचारलं, "वलख लागल ना कोनाची?"

याचं उत्तर माझ्या पप्पांनी दिलं. पप्पा, म्हणजे चांगदेव जाधव, केंद्र सरकारच्या एका खात्यात एकतीस वर्षं भांडार विभागात कारकून होते. आता कल्याणला कोळसेवाडीत आमच्या घरी असतात आणि मंगळवार-शुक्रवार माझ्या दुकानात येऊन बसतात. ते म्हणाले, "चंदूभाऊ, आमच्या वेळी निविदेची पेटी असायची. सील लावलेली. पण पेटीपर्यंत पोचायलाच ओळख लागायची. मागणी निघाली आहे हेच तुमच्यासारख्याला कळत नसे. मी स्वतः चांगल्या चांगल्या माणसांना फाटकातून परत जाताना पाहिलं आहे, आणि मी काही करू शकलो नाही. आता मागणी सगळ्यांना दिसते. लहान उद्योगाला जुन्या अनुभवाची अटही यात सोडलेली आहे. भरून तर बघा."

पप्पा हे बोलताना स्वतःच्या हातांकडे बघत होते. ही फाटकाची गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती.

मग कागदपत्रांची धावपळ सुरू झाली. मावशीच्या नावाने लघुउद्योगाची नोंदणी, बँकेचं खातं, पोर्टलवर विक्रेत्याची नोंद. आधारवर मालू, बँकेत मालती, पॅन कार्डावर मालुबाई. ती तीन नावं एक करण्यात आठ दिवस गेले. शेवटी बिड भरायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनपर्यंत मुदत. अडीच वाजता मी सगळं अपलोड करून शेवटचं बटण दाबलं, तर मोबाइलवर ओटीपी गेला. आणि मावशीच्या आधारला जोडलेला नंबर चंदूकाकांचा.

"काका कुठे आहेत?"

"खाडीत," मावशी म्हणाली. "वव्हटी लागली, पानी उतरलं तसे गेले."

तिने फोन लावला. घंटी वाजून बंद झाली. परत लावला. चौथ्या वेळेला काकांनी उचलला, मागून वाऱ्याचा घोंगाट. मावशी ओरडली, "अवं, मेसेज आलाय! आकडं वाचा!"

काका वाचायला लागले. "चार... सात... मंग एक हाय गोल."

"गोल म्हणजे शून्य का?" मी.

"नाय, शेपूट हाय त्याला."

"शेपूट वर का खाली?"

"थांब, फोन उलटा धरलाय."

दुकानातले सगळे आपापली कामं सोडून आमच्याभोवती जमले. दोन वेळा आकडे चुकले. तिसऱ्या वेळेला, तीनला सहा मिनिटं कमी असताना, पडद्यावर हिरवी खूण आली. एक एसटीचा कंडक्टर मुलीचा फॉर्म भरायला आला होता, त्याने टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. बिडं तीनच आली होती. एक कागदपत्रांत बाद झालं, दुसऱ्याचा दर आपल्यापेक्षा जास्त. ऑर्डर मालूमावशीच्या नावावर. मी फोन केला तेव्हा ती बाजारात पाटी घेऊन बसली होती. ऐकून तिने फोन पाटीशेजारी ठेवून दिला. मग लांबून तिचा आवाज आला, बहुतेक शेजारणीला सांगत होती, "सरकारचा कागद आलाय. माझ्या नावाचा."

आता यानंतर जे झालं ते माझ्या हातून झालं.

ऑर्डरसोबत एकोणीस पानांची माहिती होती. पप्पा म्हणाले होते, "प्रीती, परिशिष्ट वाच. खरी गोष्ट नेहमी शेवटच्या पानावर असते." मी "हो पप्पा" म्हटलं आणि दुकानातल्या गर्दीत विसरून गेले. मावशीला फोनवर सांगितलं, जाळं दहा मीटर बाय पाच मीटर, भोक शंभर मिलिमीटर. आधी एक मीटरचा नमुना पाठवायचा, तो पास झाला की माल. पण मीच घाई केली. म्हटलं, नमुना पास होणारच आहे, तुम्ही विणायला घ्या.

पप्पांनी कल्याणहून दोरीचं पहिलं बंडल आणलं. वाड्यात मावशीच्या पडवीत बायका बसल्या. मावशीने मला एकदा विचारलंसुद्धा, "बाय, भोक येवढं बारीक कशाला? चेंडू अडवायचाय का बारका जवला धराचाय?"

मी पडद्यावर बघून म्हटलं, "शंभर मिलिमीटरच लिहिलंय, मावशी."

"तू वाचलंस ना? मंग झालं."

नमुना स्पीड पोस्टाने गेला. दहा दिवसांनी पोर्टलवर उत्तर आलं: नमुना नामंजूर. भोकाची बाजू पन्नास मिलिमीटर आढळली.

मी एकोणीस पानं पुन्हा उघडली. शेवटच्या पानावर आकृती होती. चौकोन, आणि त्याच्या एका बाजूला बाण: शंभर मिलिमीटर. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत. आणि कोळी माणूस भोक मोजतो ते जाळं ताणून, समोरासमोरच्या गाठींमध्ये. मावशीचं ताणलेलं माप शंभर भरत होतं, म्हणजे बाजू निम्मी. तिने तिच्या मापाने बरोबर केलं होतं. आकृती दाखवली असती तर तिला एका नजरेत कळलं असतं. मी ती उघडलीच नव्हती.

तोपर्यंत दोन जाळी पूर्ण झाली होती आणि तिसरं अर्धं. भोक निम्मं म्हणजे गाठी चौपट. एवढी मेहनत.

ऑर्डरवर शाळेच्या खरेदी अधिकाऱ्याचा नंबर होता. मी लगेच लावला. पलीकडचा माणूस शांत होता. मी चूक माझी आहे, विणणाऱ्यांची नाही, असं हिंदीत कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पूरा नोट पढ़िए."

मी खाली सरकवलं. नामंजुरीच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. गाठीचा दर्जा उत्तम. सुधारित नमुना सात दिवसांत सादर करावा.

"दो लड़के उस पर लटके थे," तो म्हणाला. "एक भी गाँठ नहीं खिसकी. नियम दूसरा मौका देता है, तो मैं क्यों न दूँ? लेकिन सात दिन मतलब सात दिन."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा पकडून बाळकुमला गेले. नव्या टॉवरांच्या मागे, जिथे रस्ता अरुंद होतो, तिथून कोळीवाडा सुरू होतो. पडवीत सहा बायका बसलेल्या. मला बघून मावशी म्हणाली, "आलीस? बग, तिसरं पन अर्धं झालं."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. पप्पांनी सांगूनही मी शेवटचं पान वाचलं नाही, हेही सांगितलं.

सगळ्यांच्या सुया थांबल्या. मावशीची जाऊ, कलावती, उठून उभी राहिली. "आमची बोटं बग," तिने हात माझ्या तोंडासमोर धरला. दोरीने चिरा पडलेल्या. "खुर्चीवर बसून वाचाचं तेवडं काम होतं तुजं. तेवडं पन नाय झालं?"

खरंच होतं ते. मावशीने मांडीवरचं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कलू, बस खाली. मना पन वाटलेलं भोक बारीक हाय. मी एकदा विचारून गप बसले. अजून एकदा विचाराला काय जात होतं माजं?" आणि माझ्याकडे वळून, "तुना यायची गरज नव्हती. फोनवर पन सांगता आलं असतं."

"फोनवर कसं सांगू, मावशी?"

"तेच बोलतंव मी," ती म्हणाली. "आलीस ना. मंग आता आकृती दाखव."

शिव्या खायच्या तयारीने आलेल्या माणसाला कुणी बसायला पाट द्यावा, तसं झालं. कलावतीकाकू मात्र त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि तिचा तो हक्कच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा कल्याणहून थेट बाळकुमला आले. सोबत नोकरीतली स्टीलची पट्टी. पडवीत फरशीवर त्यांनी खडूने आकृती काढली, अगदी खऱ्या मापाची. चंदूकाकांनी त्या मापाने लाकडाची नवी पट्टी तासली, जिच्यावर दोरा गुंडाळून भोक पाडतात ती. पप्पांनी मोजली. अर्धा मिलिमीटर जास्त. काकांनी घासली. पुन्हा मोजली. दोन म्हातारे त्या लाकडाच्या तुकड्यावर अर्धा तास वाकून होते. शेवटी पप्पा म्हणाले, "चंदूभाऊ, एकतीस वर्षं मी माल मोजून घेतला. पण माल बनताना आज पहिल्यांदा बघतो आहे."

नमुना तिसऱ्या दिवशी गेला आणि सहाव्या दिवशी सकाळी शाळेत पोचला. त्याच संध्याकाळी पोर्टलवर मंजुरी.

पुढचे पंचवीस दिवस मी दुकान दुपारी चारला बंद करायचे आणि बाळकुमला जायचे. मला विणता येत नव्हतं, पण सुयांत दोरा भरून देता येत होता. सहा बायकांच्या बारा सुया भरत्या ठेवायच्या म्हणजे हात रिकामा राहत नाही. पहिल्या दिवशी मी भरलेला दोरा कलावतीकाकूने उसवून टाकला. "सैल हाय. परत भर." चौथ्या दिवशी तिने उसवला नाही. दहाव्या दिवशी बोंबलाच्या कालवणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मावशीने मला गाठ शिकवली ती त्याच दिवसांत. आधी बोटात दोरा धरायचा, मग सुई खालून, मग फास आवळायचा. "जोर मनगटातून नाय, खांद्यातून," ती म्हणायची. माझ्या गाठी सरकायच्या. ती हसून सोडवायची आणि परत मारायला लावायची. नोकरी गेल्यावर मी हे दुकान टाकलं, त्यानंतर इतकी वर्षं लोक माझ्याकडे यायचे ते काम झालं की निघून जायला. कुणी मला काही शिकवायला बसलं नव्हतं. त्या पडवीत चुलीचा आणि सुक्या मासळीचा वास असायचा, मागे खाडीवरून वारा यायचा, आणि मला रोज चारची वाट बघावीशी वाटायची.

तिसऱ्या अर्ध्या जाळ्याची दोरी सोडवून घेतली, पण चुकलेली दोन जाळी वाड्यात राहिली. एक मासळी वाळत घालतात तिथे कावळे येऊ नयेत म्हणून टांगलं, दुसरं नुसतं घडी करून ठेवलंय. मी ते बघितलं की मान खाली जाते. मावशी मुद्दाम विषय बदलते.

बारा जाळी मुदतीच्या पंधरा दिवस आधी तयार झाली. पप्पांनी एकेक जाळं फरशीवर पसरून मोजलं, चंदूकाकांनी कडेला जाड दोर ओवला, आणि ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत गठ्ठे चढले. टेम्पो वळून दिसेनासा झाला तेव्हा मावशीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "एवढं लांब तर माजं मानूस पन गेलं नाय कोन."

बाराव्या दिवशी माल पोचल्याची नोंद आली, त्यानंतर आठवड्याने तपासून स्वीकारल्याची. सगळं पोर्टलवर, तारखेसकट. पैसेही खात्यात आले, एक चक्कर मारावी न लागता. मावशी दुकानात येऊन पडद्यासमोर बसली. "त्या सायबाला आभार लिव," ती म्हणाली. "दुसरी खेप दिली त्यानं."

मी पोर्टलवर सगळीकडे शोधलं. तक्रार लिहायला जागा होती, प्रश्न विचारायला होती, कागद जोडायला होती. आभार मानायला काही सापडलं नाही.

"मंग फोन लाव."

मी लावला. अधिकाऱ्याने मावशीचं बोलणं ऐकून घेतलं, तिची कोळी वळणाची हिंदी त्याला किती कळली देव जाणे. मग म्हणाला, "अम्मा, आभार मत मानिए, एक काम कीजिए. यहाँ बर्फ गिरेगी, पत्थर आएँगे, जाल कहीं तो टूटेगा. हमारी बच्चियों को मरम्मत सिखा देंगी?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "काय बोलतो?"

"जाळं सांधायला शिकवाल का विचारतायत. व्हिडिओवर."

"हितून?"

"इथूनच."

पुढच्या शुक्रवारी मी दुकानातल्या कम्प्युटरचा मोठा पडदा खुर्च्यांसमोर लावला. पप्पा आले, चंदूकाका आले, कलावतीकाकू नवी साडी नेसून आली. पलीकडे मैदान दिसलं. मागे बर्फाचा डोंगर, आणि कडेने दोन खांबांमध्ये ताणलेलं आमचं जाळं, वाऱ्याने फुगलेलं. समोर दहा मुली, लाल गालांच्या, स्वेटर घातलेल्या, हातात दोरा आणि सुया घेऊन जमिनीवर बसलेल्या.

"नमस्ते, अम्मा!" सगळ्या एकदम ओरडल्या.

मावशी दचकून मागे सरली. मग पदर खोचला, सुई उचलली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. "बगा," ती म्हणाली, आणि लगेच, "देखो. पयले दोरा बोट में पकडने का. ऐसा. नय, वो चोटीवाली, तू उलटा पकडी."

चोटीवाली लाजली, दोरा सोडवला, नीट धरला. मावशीने सुई खालून घातली, वर काढली, थांबली. पलीकडे दहा सुया खालून गेल्या, वर आल्या, थांबल्या. पप्पांनी चष्मा काढून पुसला.

"अब खेचो," मावशी म्हणाली. "हाथ से नय. खांदे से."

मुलींनी ओढलं. एका मुलीची गाठ सरकली, ती हिरमुसली. कलावतीकाकू माझ्यामागून पडद्याजवळ वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं पोरी, रडती काय को? सोड और फिर से मार!"